मूल शाळेत किती दिवस नसतं? हजेरीचा आणि वेळेचा साधा हिशेब

प्रगतिपुस्तक हातात आलं की पालकांची नजर आधी गुणांवर जाते, मग शेऱ्यावर. हजेरीचा रकाना बहुतेक वेळा वाचायचाच राहतो. वाचला तरी ‘९० टक्के’ बघून समाधान वाटतं, कारण परीक्षेत ९० टक्के म्हणजे उत्तम हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हजेरीच्या बाबतीत मात्र ९० हा काळजी करायला लावणारा आकडा आहे. तो तसा का, हे कळायला गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागत नाही.

वर्षात शाळा २०० दिवस भरते असं धरू. भारतात २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी कामाचे किमान दिवस एवढेच ठरवले आहेत. सहावी ते आठवीसाठी ते २२० आहेत. २०० दिवसांत ९० टक्के हजेरी म्हणजे २० दिवस गैरहजर. आठवड्याला पाच दिवस शाळा असेल तर हे पुरे चार आठवडे झाले. मुलाला उगाच महिनाभर घरी बसवायचं असं कुणी ठरवलं, तर घरातलेच चार जण त्याला विरोध करतील. पण हे २० दिवस सलग येत नाहीत. आज सर्दी, पुढच्या आठवड्यात एक प्रवास, मग कधी रात्री जागरण झालं म्हणून, कधी जोडून सुट्टी आली म्हणून. महिन्यातून दोन दिवस. दहा महिन्यांत त्यांचे २० होतात, आणि पहिलीपासून बारावीपर्यंत हाच वेग राहिला तर २४०. म्हणजे शाळेचं एक अख्खं वर्ष आणि वर थोडं. आणि यातला एकही दिवस घेताना आपण काही फार मोठी गोष्ट करतोय असं कुणाला वाटलेलं नसतं.

म्हणूनच अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शाळेचे १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस बुडवणाऱ्या मुलांची वेगळी नोंद ठेवतात. कारण आजारपणाचं असो, दांडीचं असो की घरच्या अडचणीचं, मोजताना फरक करत नाहीत. पहिल्यांदा ऐकताना हे अन्यायाचं वाटतं. खरोखर आजारी असलेल्या मुलाला बुट्टी मारणाऱ्याच्या रांगेत का बसवायचं? तर त्यात दोष देण्याचा हेतूच नाही. वर्गात जे शिकवलं गेलं ते दोघांचंही सारखंच बुडालं आणि दोघांनाही मदत लागणार आहे, एवढंच ती नोंद सांगते. कारण कोणतं आहे, हे मदत कशी करायची ते ठरवताना बघायचं.

पालक हा हिशेब मुद्दाम टाळतात असं मला वाटत नाही. तो त्यांच्यासमोर येतच नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या सरकारी शाळांत टॉड रॉजर्स आणि अवी फेलर या संशोधकांनी २८,००० हून अधिक मुलांच्या घरांवर एक मोठा प्रयोग केला; तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची मुलं बरीच गैरहजर होती त्या पालकांना आपलं मूल किती दिवस गेलं नाही याचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा खूप कमी होता. मग काही घरांना टपालाने साधी पत्रं पाठवली: तुमचं मूल यंदा आतापर्यंत इतके दिवस शाळेत आलेलं नाही. ना दंड, ना ताकीद. ज्या घरांना ही पत्रं गेली, तिथे १० टक्क्यांची रेषा ओलांडणाऱ्या मुलांचं प्रमाण दहा टक्क्यांनी किंवा त्याहून जास्त घटलं. नुसता आकडा कळल्याने एवढं होतं. घरी करायचं तर दिनदर्शिकेवर गैरहजेरीच्या दिवसाला पेनाने गोल करा, महिना संपला की गोल मोजा. मुलालाच मोजायला सांगितलं तर आणखी चांगलं.

गोल करून झाले की ते कुठे पडलेत हेही बघा. सगळे सोमवारी आहेत का? ज्या दिवशी एखाद्या विषयाची चाचणी असते त्याच दिवशी आहेत का? की सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे? विखुरलेले गोल बहुधा आजारपणाचे असतात. एकाच वाराला साठलेले गोल दिसले तर मुलाशी बोलायची वेळ झाली आहे.

शाळेच्या सरासरीवरही फार विसंबू नये. शंभर मुलांच्या शाळेची शंभर दिवसांची सरासरी हजेरी ९५ टक्के आहे असं समजा. ऐकायला झकास. गैरहजेरी एकूण ५०० दिवसांची. ती प्रत्येकाची पाच-पाच दिवस असू शकते, आणि तसं असेल तर चिंता नाही. पण ७५ मुलं एकही दिवस चुकली नाहीत आणि उरलेली २५ मुलं प्रत्येकी २० दिवस आली नाहीत, तरी सरासरी ९५च येते. म्हणजे चारातलं एक मूल मागे पडतंय आणि शाळेच्या फलकावरचा आकडा मात्र समाधानाचा. मुख्याध्यापकांनी वर्गाच्या सरासरीऐवजी मुलामुलाची बेरीज बघायला हवी ती यासाठी.

एका दिवसात असं काय बुडतं?

‘वही आणून उतरवून घेतली की झालं’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. एक उदाहरण जरा जवळून बघू. सोमवारी वर्गात अपूर्णांकांची बेरीज सुरू झाली. बाईंनी फळ्यावर लिहिलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. एका मुलाने हात वर करून सांगितलं, दोन पंचमांश. त्याने अंशात अंश मिळवला, छेदात छेद. बाईंनी लगेच चूक म्हटलं नाही. त्यांनी कागदाची एक पट्टी घडी घालून अर्धी केली, ती वर धरली आणि विचारलं, ‘दोन पंचमांश अर्ध्याहून मोठं की लहान?’ मुलांनी दुसरी पट्टी पाच भागांत दुमडून बघितलं. लहान! अर्ध्यात आणखी काही मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे कसं शक्य आहे? वर्गात गोंधळ उडाला. त्या गोंधळातून छेद सारखे का करून घ्यायचे हे मुलांना उमगलं, आणि मग शेवटच्या पाच मिनिटांत फळ्यावर तीन ओळींची रीत आली.

मंगळवारी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेणाऱ्या मुलीला त्या तीन ओळी मिळतात. ती त्या पाठही करते. पट्टी, प्रश्न, चुकीचं उत्तर आणि ते चूक का याची चर्चा वहीत नसते. पुढच्या आठवड्यात लसावि आला, मग वजाबाकी आली, की हिची रीत डळमळते आणि ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य तयार होतं. तिला गणित जमत होतं. ती सोमवारी नव्हती, एवढंच.

सगळे विषय असे एकावर एक रचलेले नसतात. इतिहासाचा एखादा धडा चुकला तर तो नंतर वाचून घेता येतो. गणित, वाचनाचे पहिले टप्पे, नवी भाषा, विज्ञानातले प्रयोग यांत मधली पायरी सुटली तर पुढे अडतं. ‘अजून लहानच तर आहे, पहिलीत काय बुडणार’ हा समज सगळ्यात घातक आहे असं माझं मत आहे, कारण अक्षरांवरून शब्दांवर आणि शब्दांवरून वाक्यांवर जाण्याचा काळ तोच. शिवाय शाळेत रोज जायचं असतं ही सवयही त्याच वयात लागते, किंवा लागत नाही.

दहा मिनिटांचा उशीर

रोज दहा मिनिटं उशीर झाला तर २०० दिवसांत २,००० मिनिटं होतात, म्हणजे ३३ तासांहून जास्त. पाच तासांची शाळा धरली तर साडेसहा दिवसांहून अधिक. हजेरीपटावर मात्र मूल रोज हजर. पण माझ्या दृष्टीने मिनिटांच्या बेरजेपेक्षा ती मिनिटं कोणती आहेत हे जास्त महत्त्वाचं आहे.

घंटा होऊन दहा मिनिटं झालीत. दारात एक मूल उभं राहतं. ‘आत येऊ का?’ चाळीस माना दाराकडे वळतात. शिक्षक वाक्य अर्धं सोडून मान हलवतात. मूल बाकांमधून वाट काढत जागेवर जातं, दप्तर उघडतं, कोणती वही काढायची ते शेजाऱ्याला विचारतं. शेजाऱ्याचंही लक्ष गेलं. आज काय करायचं, काल कुठे थांबलो होतो, उद्या काय आणायचं, कुठला कार्यक्रम आहे, हे सगळं सांगून झालेलं असतं. पुढचा सगळा तास ते मूल इतरांकडे बघत त्यांच्या मागून चालतं. त्यातच मैत्रीचा भाग येतो. शाळा भरण्याआधीच्या त्या थोड्या वेळात कोण कोणाबरोबर खेळणार, कोणाच्या शेजारी बसणार हे ठरतं. रोज उशिरा येणारं मूल त्या ठरवाठरवीत नसतं. मुलाला शाळा आवडेनाशी होण्याचं कारण कधी कधी इतकं साधं असतं.

उशीर कुठे संपतो आणि गैरहजेरी कुठे सुरू होते, हे प्रत्येक शाळेत वेगळं असू शकतं. इंग्लंडमध्ये सकाळी आणि दुपारी अशी दोनदा हजेरी घेतात. पट बंद होण्याआधी आलेल्या मुलाची ‘उशिरा’ अशी नोंद होते आणि पट बंद झाल्यावर आलं तर त्या अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागते. तुमच्या शाळेत ही रेषा कुठे आहे ते वर्गशिक्षकांना एकदा विचारून ठेवा. वर्षाअखेरीस आकड्यावरून होणारे निम्मे वाद त्याने टळतील.

आता उशिराचं खापर कुणावर फोडायचं? लहान मूल स्वतःहून उशिरा येत नाही, त्याला उशिरा आणलं जातं. सात वर्षांच्या मुलाच्या हातात ना गजर असतो, ना गाडीची किल्ली. त्याला वर्गाबाहेर उभं करणं किंवा सगळ्यांसमोर बोलणं म्हणजे आईबापांच्या धांदलीची शिक्षा त्याला देणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातलेली आहे. आणि व्यवहार म्हणून बघितलं तरी हे उलटतं: उशीर झाला की अपमान होणार हे कळलेलं मूल पुढच्या वेळी ‘आज नकोच जाऊ’ म्हणतं, आणि दहा मिनिटांच्या जागी अख्खा दिवस जातो. उशीर झाला तरी शाळेत जायचंच आणि शाळेनेही आत घ्यायचंच, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळायला हवा.

सकाळची धावपळ बहुतेक वेळा आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सहाला उठणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने रात्री नऊला झोपलेलं असायला हवं. म्हणजे साडेआठला टीव्ही-मोबाइल बंद, दप्तर भरलेलं, कपडे काढून ठेवलेले, सही हवी असलेला कागद सही करून दप्तरात. सकाळसाठी एकच काम शिल्लक ठेवायचं: तयार होणं. बाकी कुठली युक्ती यापुढे टिकत नाही.

मोठ्या मुलांचं जरा वेगळं आहे, आणि इथे पालकांनी थोडं समजून घ्यावं अशी विनंती. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं; झोप उशिरा येते आणि सकाळी लवकर जागही येत नाही. तो निव्वळ आळस नसतो. याच कारणाने अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं, आणि कॅलिफोर्नियात जुलै २०२२ पासून वरच्या वर्गांसाठी तसा कायदाच लागू झाला. शाळेची वेळ आपल्या हातात नसते. रात्री मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर ठेवणं असतं. सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपू न देणंही, कारण रविवारी घड्याळ जितकं सरकतं तितका सोमवार अवघड होतो.

घरी ठेवायचं कधी, आणि कळवायचं कसं

आजारी मुलाला शाळेत ढकलावं असं इथे कुणी म्हणत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने पालकांसाठी केलेले नियम सुटसुटीत आहेत. ताप असेल तर तो उतरेपर्यंत घरी. उलट्या-जुलाब असतील तर ते थांबल्यावर आणखी दोन दिवस घरी, कारण त्या काळातही संसर्ग पसरतो. कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. नुसती सर्दी किंवा हलका खोकला असेल आणि ताप नसेल तर शाळेत जायला हरकत नाही. डोक्यात उवा झाल्या म्हणूनही घरी ठेवायची गरज नाही. उपचार मात्र करायचे. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं. दाताची किंवा चष्म्याची तपासणी शाळा सुटल्यावर ठेवता येते. तशी वेळ मिळालीच नाही तर तेवढे दोन तास सोडून बाकीचा दिवस मुलाला शाळेत पाठवता येतं. अर्धा दिवस गेला म्हणून उरलेला अर्धाही सोडून देण्याचं कारण नाही.

कळवायचं ते त्याच दिवशी, शाळा भरण्याआधी. यामागे शिस्तीपेक्षा मोठं कारण आहे: मूल घरून निघालं आणि शाळेत पोहोचलं नाही, तर ते लगेच कळायला हवं. पालक गैरहजेरी कळवतच नसतील तर ‘मूल आलं नाही’ यात काही वेगळं घडलंय हे शाळेला ओळखता येत नाही. निरोप छोटाच असू द्या: ‘आज ताप आहे, येणार नाही. उद्या सकाळी परत कळवते. आज गणितात काय झालं ते सांगाल का?’ यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. आणि निरोपात खोटं कारण नको. मूल शेजारी उभं राहून ऐकत असतं. प्रवासाला निघालेल्या घरातून ‘पोट बिघडलंय’ असा निरोप गेलेला त्याने पाहिला, की पुढच्या चाचणीच्या दिवशी त्याचंही पोट बिघडतं.

७५ टक्क्यांबद्दलही बोलायला हवं. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. तेवढी भरली की झालं, असं बरीच मुलं आणि त्यांचे पालकही समजतात आणि उरलेले २५ टक्के हक्काच्या रजेसारखे वापरतात. २०० दिवसांत ते ५० दिवस होतात, म्हणजे दहा आठवडे. ७५ टक्के ही परीक्षेला बसू देण्याची शेवटची पायरी आहे. तिच्यावर उभं राहायचं ठरवून वर्ष सुरू केलं, तर एका खऱ्या आजारपणात पाय घसरतो.

जायचंच नाही म्हणणारं मूल

काही मुलांना शाळेत जाणं खरोखर झेपत नसतं. रात्रीपासून पोटात दुखतं, सकाळी मळमळतं, शाळेची वेळ टळली की तासाभरात सगळं थांबतं. याला नाटक म्हणण्याची घाई करू नये. भीतीने पोट खरंच दुखतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर कर्नी यांनी शाळा टाळण्यामागची चार कारणं मांडली आहेत: शाळेतल्या एखाद्या गोष्टीने जीव घाबरा होतो ती टाळणं, लोकांसमोर बोलण्याची किंवा परीक्षेची वेळ टाळणं, घरच्या माणसाचं लक्ष आणि सहवास मिळवणं, आणि शाळेबाहेर काहीतरी जास्त मजेचं असणं. बाहेरून चारही सारखीच दिसतात, उपाय मात्र चारांचे चार. मागच्या बाकावरचा कुणी त्रास देत असेल तर तो त्रास थांबवावा लागतो. तिथे मुलाला शिस्त लावून उपयोग नाही. घरी दिवसभर टीव्ही-मोबाइल आणि खेळ मिळत असेल तर घरचा दिवस कंटाळवाणा करावा लागतो.

म्हणून ‘का जायचं नाही?’ असं थेट विचारण्याऐवजी बारीक प्रश्न विचारा. मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस? कुठला तास सगळ्यात लांब वाटतो? शाळेच्या स्वच्छतागृहात जातेस का? हा शेवटचा प्रश्न चुकवू नका. अस्वच्छ किंवा कडी नसलेल्या स्वच्छतागृहापायी दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि पाळीच्या दिवसांत घरी राहणाऱ्या मुली असतात, आणि त्या आपणहून सांगत नाहीत. त्रास आठवड्याभरात मिटला नाही तर शिक्षक आणि समुपदेशक यांना सोबत घ्यावं. घरी थांबलेला प्रत्येक दिवस पुढच्या दिवसाची भीती वाढवतो, त्यामुळे वाट बघण्यात फायदा नसतो.

शाळांच्या एका आवडत्या उपायाबद्दल मला शंका आहे: शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्रक. कॅलिफोर्नियात १५,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर केलेल्या एका अभ्यासात, आधीच पूर्ण हजेरी लावलेल्या मुलांना अचानक बक्षीस जाहीर केल्यावर त्यांची पुढची हजेरी थोडी घसरलीच. संशोधकांचा अंदाज असा की, आपण अपेक्षेपेक्षा जास्तच येतोय असा अर्थ मुलांनी त्यातून काढला. त्यात दम्याचं किंवा दुसऱ्या दीर्घ आजाराचं मूल या स्पर्धेत सुरुवातीलाच बाद, आणि तापातही शाळेत येणारं मूल विजेतं. कौतुक करायचंच तर सुधारणेचं करावं: मागच्या महिन्यात पाच दिवस चुकले होते, या महिन्यात एकच.

अपेक्षा एकट्या पालकांकडूनच नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची जी कर्तव्यं सांगितली आहेत, त्यांत पहिलंच आहे ते शिक्षकांनी स्वतः नियमित आणि वेळेवर शाळेत येण्याचं. त्याच यादीत पुढे आहे की शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घ्यायच्या आणि मुलाची हजेरी किती नियमित आहे, ते कसं शिकतंय हे त्यांना सांगायचं. म्हणजे ‘माझ्या मुलाचे यंदा किती दिवस बुडले?’ हा प्रश्न पालकसभेत विचारताना संकोचायचं काहीच कारण नाही. आकडा सत्रअखेरीला कळून उपयोग नसतो. तिसरा-चौथा दिवस बुडाला की कळला तर सावरता येतं.

मूल चार-पाच दिवसांनी परत येतं तो दिवस सगळ्यात नाजूक. सगळं बुडालेलं एकदम भरून काढायला लावलं तर ते दडपून जातं. शिक्षकांना विचारून फक्त तेवढंच आधी करून घ्यावं, ज्याच्यावाचून उद्याचा तास कळणार नाही. बाकीचं पुढच्या आठवड्यात विभागून. आदल्या संध्याकाळी वर्गातल्या एका मित्राला फोन लावून द्यावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दारात शिरताना कोणीतरी ओळखीचं वाट बघत असेल. आणि वर्गात पाऊल टाकल्यावर ‘इतके दिवस कुठे होतास?’ असं सगळ्यांसमोर विचारण्याऐवजी शिक्षकांनी ‘बरं झालं आलास, बस’ म्हणावं आणि कारणाचं बोलणं मधल्या सुट्टीत, बाजूला घेऊन करावं.